लेबल नसलेली कॅसेट

शनिवार, २२ फेब्रुवारी २००३. सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी लातूरच्या एका खाजगी बालरुग्णालयात, दुसऱ्या मजल्यावर, अतिदक्षता विभागाच्या दारात नर्सने मला अडवलं.

"कुणाकडं?"

"बेबी ऑफ शैलजा बिडवे. चार नंबरची पेटी."

"एकालाच सोडतो आत. आई आत आहेत."

शैलजा बिडवे मीच होते. पर्समध्ये माझ्या दैनिकाचं ओळखपत्र होतं, फोटोसकट. ते काढायला मी चेन उघडली आणि दाराच्या काचेतून आत पाहिलं. चार नंबरच्या पेटीपाशी हिरवा गाऊन घालून माझी थोरली जाऊ, अक्का, उभी होती. पेटीच्या गोल भोकातून तिने डावा हात आत घातला होता. मी पर्स बंद केली आणि बाकावर बसले.

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून सातव्या महिन्यात मी लातूरहून उदगीरला गेले होते. ३ फेब्रुवारीला सकाळी रक्तस्राव सुरू झाला. तातडीने ऑपरेशन झालं आणि त्यानंतर मला झटके आले. मुलगी तिसाव्या आठवड्यातली, वजन एक किलो एकशे ऐंशी ग्रॅम. तिला लागणारी यंत्रं उदगीरला नव्हती आणि मला हलवणं धोक्याचं होतं. त्यामुळे ती अँब्युलन्समधून पासष्ट किलोमीटरवर लातूरला गेली, आणि मी उदगीरलाच राहिले. सहा तारखेला मी शुद्धीवर आले. मुलीला मी पाहिलेलं नव्हतं.

आईच्या नावाचा एकच पास असतो. माझ्या जागी कुणीतरी आत जायला हवंच होतं. अक्का गेली, मी असल्याचं सांगून गेली. बाकावर बसून मी याचा विचार केला आणि मला त्यात चूक दिसली नाही.

चाळीस मिनिटांनी ती बाहेर आली. मला पाहून जागच्या जागी थांबली.

"अगं, तू कशी? मन्मथभाऊजी तर म्हणाले, सोमवारी सोडणार."

"आज सोडलं. जीप केली."

"टाके ओले असतील की गं. एवढा रस्ता बसून आलीस?" तिने माझ्या गालावरून हात फिरवला. तिचा हात थंड होता, औषधी साबणाचा वास येणारा. मग ती नर्सकडे वळली. "साळुंके सिस्टर, ही माझी जाऊ. उदगीरहून आलीय. पाच मिनिटं बघू द्या की लेकराला."

सिस्टरने माझ्याकडे पाहिलं. "काकू का? पाचच मिनिटं हं. हात धुवा, कोपरापर्यंत."

मी ओळखपत्र काढलं नाही. काढलं असतं तर अक्काचा पास गेला असता, आणि एकोणीस दिवस तीच इथे उभी होती. मी हात धुतले, गाऊन घातला आणि काकू म्हणून माझ्या मुलीला पहिल्यांदा पाहिलं.

ती माझ्या तळहातापासून कोपरापर्यंतच्या लांबीची होती. नाकात नळी, पायाला वायर, डोक्यावर पांढरी टोपी. बरगड्या मोजता येत होत्या. पेटीच्या वर एका यंत्रावर आकडा हलत होता: चौऱ्याण्णव, पंच्याण्णव, चौऱ्याण्णव.

"हा रक्तातला प्राणवायू," सिस्टर म्हणाली. "ही बाळं श्वास घ्यायला विसरतात ताई. मग आकडा पडतो, घंटी वाजते. तळपायाला टिचकी मारली की आठवतं त्यांना. पहिल्या दिवशी अकरा टिचक्या लागल्या हिला. आता तीनवर आलीय. आवाजानं फरक पडला."

हे आकडे मला पाठ होते. अकरा, नऊ, नऊ, सात. मन्मथ, माझा नवरा, रोज संध्याकाळी सात वाजता उदगीरच्या दवाखान्यात फोन करायचा आणि त्या दिवसाच्या टिचक्या सांगायचा. मी माझ्या वहीत तारखेपुढे लिहायचे. "तुझा आवाज लावला की शांत होते बघ शैला," तो म्हणायचा. तेही मी लिहिलं होतं.

आवाजाची पद्धत डॉ. देवणीकरांची. दिवसातून तीन वेळा, वीस-वीस मिनिटं, पेटीजवळ आईच्या आवाजाची कॅसेट लावायची, कुजबुजीपेक्षाही हळू. सात तारखेला मन्मथने मला हे फोनवर सांगितलं. आठ तारखेपासून मी रोज सकाळी उदगीरचे आमचे वार्ताहर तोंडारेकाका यांच्या टेपरेकॉर्डरवर एक कॅसेट भरली. मला गाणं येत नाही. मी तारीख आणि वेळ सांगायचे, खिडकीबाहेरच्या लिंबाच्या झाडाचं सांगायचे, मग पेपर वाचून दाखवायचे, अपघाताच्या बातम्या वगळून. शेवटी "बाकी उद्या" म्हणायचे. कॅसेटवर निळ्या शाईने क्रमांक, तारीख, वेळ. ती दैनिकाच्या पाकिटात घालून पाकीट चिकटवायचं आणि साडेदहाच्या उदगीर-लातूर एसटीच्या कंडक्टरकडे द्यायचं. तालुक्याचे फोटो आणि बातम्या वर्षानुवर्षं तशाच लातूरला जात. लातूरच्या स्टँडवर मन्मथ पाकीट उतरवून घ्यायचा. चौदा दिवस, चौदा कॅसेट.

बारा वाजता सिस्टरने कोपऱ्यातला टेपरेकॉर्डर उचलला. तो माझ्या ऑफिसचा होता, मुलाखतींसाठी मिळालेला, झाकणाला तडा गेलेला. तिने बटण दाबलं. मी उभी होते तिथे काहीच ऐकू आलं नाही. झाकणाच्या काचेतून कॅसेट फिरताना दिसत होती. तिच्यावर लेबल नव्हतं.

"रोज नवीन कॅसेट येते ना हिला?" मी विचारलं.

"नाही हो. पहिल्यापासून एकच. मीच बदलू देत नाही. तिला सवय झालीय त्या आवाजाची."

"पहिल्यापासून म्हणजे कधीपासून?"

सिस्टरने पेटीला लटकवलेली वही उलटली. "पाच तारीख, दुपारी चार. आईचा आवाज सुरू."

पाच तारखेला मी बेशुद्ध होते.

आकडा शहाण्णव झाला. सिस्टर हसली. "बघा, मोजून दोन मिनिटं लागतात."

दीड वाजता मन्मथ कॉलेजातले तास घेऊन आला. हातात डबा होता, अक्कासाठी. जिन्यात मला पाहून त्याने डबा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

"तू? अगं, सांगायचं तरी. मी आलो असतो घ्यायला."

"माझ्या कॅसेट कुठं आहेत?"

"आधी बस तरी. रंग बघ तोंडाचा."

"चौदा पाठवल्या. कुठं आहेत?"

तो खाली गेला. मी कठडा धरून एकेक पायरी उतरत मागे गेले. स्कूटरची डिकी उघडून त्याने एक प्लॅस्टिकची पिशवी काढली. आत दैनिकाची पाकिटं होती. मी ती तिथेच स्कूटरच्या सीटवर मोजली. चौदा. एकही फोडलेलं नव्हतं.

"सिस्टर म्हणाल्या, आवाज बदलू नका," मन्मथ म्हणाला. "टिचक्या कमी होत होत्या. मी कसा बदलणार?"

"मग मला रोज काय सांगत होता?"

"तुला बरं वाटावं म्हणून. डॉक्टर म्हणाले होते, हिला टेन्शन देऊ नका."

"तो आवाज अक्काचा आहे?"

"तुझं काय होईल कुणी सांगत नव्हतं शैला. तीन दिवस. तू तिकडं तशी, ही इकडं अशी. आवाज हवा होता. वहिनी म्हणाली, मी देते."

हेही समजण्यासारखं होतं. वार्ताहर म्हणून मी दहा वर्षं माणसांची कारणं ऐकून घेतली होती, आणि हे कारण वाईट नव्हतं. मी तसं म्हणालेही. त्याच्या खांद्यावरचा ताण उतरलेला मला दिसला. तो म्हणाला, "चल, जेवून घे. भाकरी आहे."

मी जेवले नाही. वर जाऊन सिस्टरला म्हटलं, टेपरेकॉर्डर माझ्या ऑफिसचा आहे, त्याचे सेल बदलून आणते. तिने तो कॅसेटसकट माझ्या हातात दिला. "पाचच्या आत आणा."

तिसऱ्या मजल्याच्या जिन्यावर बसून मी इअरफोन लावला. पहिल्या बाजूला अक्काचा आवाज होता. गुणगुणत होती, शब्द नव्हते, दळताना बायका गळ्यातल्या गळ्यात काढतात तसा सूर. तिचा आवाज चांगला आहे हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं. मधे मधे बोलत होती. "घाबरायचं नाही. श्वास घे बाई. घे. आता सोड. शहाणी माझी." तिच्या लग्नाला तेरा वर्षं झाली होती, मूल नव्हतं. मी जिन्यावर बसून रडले, आणि ते रागाने नव्हतं. बाजू संपली. बटण आपोआप वर आलं.

मी कॅसेट उलटी केली.

दुसऱ्या बाजूला गुणगुणणं नव्हतं. अक्का नुसती बोलत होती, अगदी जवळून.

"ओळखलंस का? कोण आहे? आई आहे गं मी. तुझी आई. दुसरं कुणी नाही. हा आवाज लक्षात ठेवायचा. बाहेर आलीस की याच आवाजाकडं यायचं. आई आहे मी."

ते तिने पुन्हा म्हटलं, आणि पुन्हा. मग मागे दार वाजलं. एक पुरुषी आवाज आला, थोडा लांबून. मन्मथचा.

"वहिनी, शैलाचं दुसरं पाकीट आलं."

"ठेवा तिकडं."

"तिचं करायचं काय?"

"मी सांगते तेव्हा बघू. दार लावा, आवाज येतोय."

दार लागलं. "आई आहे मी," अक्का म्हणाली.

दुसरं पाकीट म्हणजे नऊ तारीख. मी शुद्धीवर येऊन तीन दिवस झाले होते. मी मागे नेऊन ते पुन्हा ऐकलं. ऐकलेलं लगेच खरं धरायचं नाही, ही सवय. तिसऱ्यांदाही शब्द तेच होते.

अक्का बाकावर बसून भाकरी खात होती. मी टेपरेकॉर्डर तिच्याशेजारी ठेवला. तिने कॅसेटकडे पाहिलं, कोणती बाजू वर आहे ते पाहिलं आणि घास डब्यात परत ठेवला.

"मी जगले हे तुला कधी कळलं?" मी विचारलं.

"सातला. भाऊजींनी सांगितलं."

"मग दुसरी बाजू का भरलीस?"

"मला शब्द दिला होता सगळ्यांनी," ती म्हणाली. "चार तारखेला. इथंच, याच बाकावर. तुझे दीर, भाऊजी, सासूबाई. शैला गेली तर लेकरू महानंदाचं, माझं. मी काही मागितलं नव्हतं. त्यांनीच माझ्या ओटीत घातलं."

"मी गेले नाही ना पण."

"हो. तू गेली नाहीस." ती सरळ माझ्याकडे पाहत होती. "तुला होईल की दुसरं. भाऊजी म्हणाले, तुझ्याशी बोलतो. तुझी नोकरी असली, वेळी-अवेळी घराबाहेर. एवढं नाजूक लेकरू कोण बघणार? बोलतो म्हणाले. रोज म्हणायचे, आज बोलतो."

मन्मथ जिन्याच्या तोंडाशी उभा होता. मी त्याच्याकडे पाहिलं.

"शब्द गेला होता शैला," तो म्हणाला. "परत कसा घ्यायचा ते कळेना."

"म्हणून तुम्ही पाकिटं डिकीत ठेवलीत."

"टाकली तर नाहीत ना?"

पावणेपाच वाजता मी डॉ. देवणीकरांच्या टेबलावर ओळखपत्र ठेवलं आणि घडलेलं तारखांसकट सांगितलं. त्यांनी फोटो पाहिला, मला पाहिलं, चष्मा काढला. साळुंके सिस्टरला बोलावलं. ती ऐकत गेली तशी तिची मान खाली गेली. "मी रोज त्यांना शैलजाताई म्हणत होते सर," ती म्हणाली. "ओ देत होत्या."

"पास बदला," डॉक्टर म्हणाले. "आणि पाचची कॅसेट यांची लावा."

मी आठ तारखेचं पाकीट फोडलं. सिस्टरने कॅसेट घातली, बटण दाबलं. या वेळी मी पेटीला टेकून उभी होते, त्यामुळे ऐकू आलं. "शनिवार, आठ फेब्रुवारी. सकाळचे नऊ दहा. मी तुझी आई बोलते आहे." घसा बेशुद्धीत घातलेल्या नळीने सोललेला होता, आवाज फाटका होता. बातमी वाचून दाखवावी तसा.

आकडा पंच्याण्णव होता. त्र्याण्णव झाला. मुलीने मूठ उघडली, मिटली. एक्याण्णव. लिंबाच्या झाडाचं आलं. सत्त्याऐंशी. ब्याऐंशीला घंटी वाजली. सिस्टरने हात आत घालून टिचकी मारली. एकदा, दोनदा. तिसऱ्या टिचकीला छाती हलली.

"बंद करा," डॉक्टर म्हणाले. ते माझ्याकडे वळले. "एकदा झालं यावरून काही सिद्ध होत नाही. तिचा हा त्रास संध्याकाळी एरवीही वाढतो. दोन-चार दिवस लावून बघता येईल. सवय होईल."

"दोन-चार दिवसांत किती टिचक्या?"

त्यांनी यंत्राकडे पाहिलं. मग म्हणाले, "ते मी सांगू शकत नाही. निर्णय तुमचा. आई तुम्ही आहात."

टेपरेकॉर्डरशेजारी ती लेबल नसलेली कॅसेट पडली होती. मी ती उचलली, पहिली बाजू वर करून घातली आणि बटण मी दाबलं. पाच वाजून अकरा मिनिटं. चौऱ्याऐंशी. एकोणनव्वद. पाच तेराला चौऱ्याण्णव. मी वहीत लिहिलं.

"संपली की मागे फिरवून हीच बाजू लावायची," मी सिस्टरला सांगितलं. "उलटी करायची नाही."

"नाही करणार," ती म्हणाली. माझ्याकडे न बघता.

बाहेर अक्काने गाऊनची घडी करून बाकावर ठेवली होती. तिने डबा पिशवीत भरला, चपला घातल्या. जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर थांबली.

"डावा हात घाल आत," ती म्हणाली. "उजव्यानं दचकते. तिला डावा माहितीय."

मी उजवा घालून पाहिला. मुलगी दचकली. त्यानंतर मी डावा घालत गेले.

मुलगी आणखी तेवीस दिवस तिथे होती. त्यातले एकोणीस दिवस ती कॅसेट लागली. १७ मार्चला तिला घरी आणलं, एक किलो नऊशे. बारशाला अक्का आली, पाळण्याची दोरी सासूबाईंनी तिच्या हातात दिली, आणि मी काही म्हणाले नाही. मुलीचं नाव रेवती. दुसरं मूल आम्हाला झालं नाही. मन्मथशी या विषयावर मी पुन्हा बोलले नाही, त्यानेही काढला नाही. आम्ही एका घरात राहतो. तो शब्द नेमका कधी परत घेतला गेला, की घेतलाच गेला नाही, हे मला आजही माहीत नाही.

रेवती अक्काला मोठीआई म्हणते. आमच्याकडे थोरल्या चुलत्याच्या बायकोला तसंच म्हणतात.

चौदा कॅसेट मी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवल्या होत्या, तेरा पाकिटं बंद, एक फोडलेलं. पंधरावीही त्यातच होती. पुरावा टाकायचा नाही, हे मला नोकरीने शिकवलं. तो डबा मी कुणाला दाखवला नव्हता. गेल्या महिन्यात रेवती पुण्याहून आली होती. ती परत गेल्यावर माळ्यावरचा डबा जागेवर नव्हता. मन्मथला विचारलं तर तो म्हणाला, "मी दिला तिला. तुझा आवाज आहे म्हटलं. पुण्यात कॅसेटवरून मोबाइलमध्ये घेऊन देतात."

"सगळ्या दिल्या?"

"डबाच दिला."

तो विसरला होता की नव्हता, हे त्याच्या चेहऱ्यावरून मला ठरवता आलं नाही. मी विचारलं नाही.

आज सकाळी आठ बेचाळीसला रेवतीचा मेसेज आला. "आई, चौदाच्या चौदा ऐकल्या. तू बाळाला बाजारभाव वाचून दाखवत होतीस! हसून हसून रडले." त्याखाली नऊ एकोणपन्नासला दुसरा. "पंधरावीवर लेबल नाही. दोन्ही बाजू ऐकल्या. ही तू नाहीस ना? आणि मागे बाबा आहेत का?"

मी दोन्ही वाचले. वाचल्याच्या निळ्या खुणा तिला दिसल्या असतील.

आता साडेदहा झालेत. मन्मथ गॅलरीत पेपर वाचतो आहे. त्याचा फोन आत जेवणाच्या टेबलावर आहे. तो दोनदा वाजला आणि थांबला. आता तिसऱ्यांदा वाजतो आहे.